हुरड्यानं खाल्लेला दुष्काळ

बंद करा ओ ते खोकं! न्हायतर निदान आवाज तरी बारीक करा... कुर्डुवाडीची गाडी येईस्तोवर माणसानं घटकाभर गप बसावं म्हणलं तर ह्या परंड्याच्या स्टँडावर बी ह्यो रेडिओ हायच बोंबलायला! "टंचाईग्रस्त भागासाठी यंदाच्या अर्थसंकल्पात भरीव तरतूद करण्यात येत असून शासन परिस्थितीची गांभीर्याने दखल घेत आहे..." ऐकलं? घेत आहे! अजून घेतच आहे! बहात्तर सालापासनं घ्यायला लागलंय, अजून घेऊन झालं न्हाय त्याचं! आन आवाज बगा कसा, तुपात बुडवून काढल्यावानी. बोलणाऱ्याच्या घरची घागर कधी रिकामी झाली आसंल का ओ? तुमी म्हणाल, ह्या म्हाताऱ्याचं त्या रेडिओनं काय वाकडं केलं? रेडिओनं न्हाय केलं. त्या 'दखल' शब्दानं केलं. आमच्या कोंडीरामाची बैलजोडी गेली त्या दखलीपायी. हसू नका... सरका जरा, मला टेकू द्या, गाडीला लई टाइम हाय, सांगतो.

कोंडीराम म्हंजी माझा बांधकरी. त्याच्या बांधाला माझा बांध, मधी एक बोर, त्या बोरीची बोरं कुणाची ह्यावरनं आमचं रोज सकाळी भांडण आन रोज सांजच्याला एकाच चिलमीवर समेट. माणूस सोन्यासारखा, पर एक खोड. आल्यागेल्या माणसाला 'लई हाय' म्हणायची खोड! आता तुमी म्हणाल, त्यात काय, आमी बी म्हणतो. म्हणताच की! पावना ताटावर हात आडवा धरतो, "बास बास, तुमाला ऱ्हाऊ द्या", आन आपण काय म्हणतो? "आवो खावा, लई हाय!" टोपल्यात शेवटची भाकरी आसती, आतनं कारभारीण डोळं वटारती, पोरं दाराआडनं त्या भाकरीकडं बगत आसत्यात, तरी बी आपलं चालूच, लई हाय, लई हाय! ह्याला आपल्या मुलखात इज्जत म्हणत्यात. कोंडीरामाकडं ही इज्जत जरा जास्तच व्हती. त्याच्या घरी पाव्हण्यानं 'पुरे' म्हणलं की त्याला आंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

आन दुसरं त्याचं म्हंजी बैल. कवड्या आन मोऱ्या. गोऱ्हे व्हते तवापासनं सोताच्या हातानं वाढवलेले. औताला चालताना त्यांच्याशी बोलायचा, "कवड्या, आज तुझं ध्यान कुठाय रं?" असं. बायको धुरपदा म्हणायची, "माझ्याशी येवढं बोलला आसता तर मी बी नांगर वढला आसता." पर ती बी तसलीच! सकाळी चुलीवरची पयली भाकरी चतकोर चतकोर दोघांच्या तोंडात घातल्याबिगर नवऱ्याला न्याहारी न्हाय.

तर तुमाला सांगतो, बहात्तर साल आलं. पाऊस आला न्हाय, साल तेवढं आलं. शाळू पेरला तो हातभर वर आला आन तिथंच वाळला. शिवारात उभं ऱ्हाऊन बघितलं तर पार भूमच्या डोंगरापतुर नुसती माती. फकस्त कोंडीरामाच्या हिरीजवळ चार वाफं हिरवं ऱ्हायलं व्हतं, ते बी कसं? हिरीच्या तळाला जे काय झिरपायचं ते धुरपदा वाटीनं घागरीत भरायची, घागर डोक्यावर, आन ताटाताटाच्या बुडाला पाणी. माणसं प्यायला पाणी शोधत्यात आन ही बया शाळूला पाजती! कशापायी? दाण्यापायी न्हाय ओ. कडब्यापायी. कवड्या-मोऱ्यासाठी. तेवढ्या चार वाफ्यांवर उन्हाळा काढायचा आन म्होरं सरकारी छावणी उघडंल तिथं बैल बांधायचे, असा नवराबायकोचा बेत. ह्ये ध्येनात ठेवा, पुढं लागंल.

आता छावणी कवा उघडती? दुष्काळ पडल्यावर? छ्या! इथंच तर गंमत हाय. दुष्काळ पडला ह्ये आभाळाला कळतं, जमिनीला कळतं, कावळ्याला कळतं, पर सरकारला न्हाय कळत. सरकारला कळायला आणेवारी लागती! सोळा आणे म्हंजी भरलेलं पीक. सरकारचा माणूस येणार, एक तुकडा कापून, मळून, वजन करून बगणार. सहा आण्याच्या खाली आलं तर तुमी दुष्काळी, तुमाला छावणी, तुमाला वैरण, तुमाला रस्त्याचं काम, समदं. सहाच्या वर गेलं की तुमी सुखी! मग तुमी उपाशी मेला तरी सुखीच मेला. हिशेब मुंबईत ठरवलेला, कणीस ज्यानं ताटात बी बघितलं न्हाय त्यानं!

आमच्या वाडीत आणेवारी करायला गिरदावर साहेब येणार असा सांगावा आला. गिरदावर म्हंजी तलाठ्याच्या वरचा. झालं! हिंमतराव उठला. हिंमतराव म्हंजी आमच्या सोसायटीचा चेअरमन. सोसायटीचा चेअरमन, दूध संघाचा मेंबर, शाळा कमिटीवर, देवळाच्या कमिटीवर, आन जिथं कमिटी न्हाय तिथं आधी कमिटी करून मग तिच्यावर. त्यानं पारावर बैठक बोलावली, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला आन म्हणतो कसा, "मंडळी, साहेब खूश झाला पाहिजे. साहेब खूश तर कलम खूश, कलम खूश तर आणेवारी खाली. साहेबाला आपण हुरडा खाऊ घालायचा!"

म्या म्हणलं, "चेअरमन, हुरडा? दुष्काळ दावायला?"

"तुला सहकारातलं काय कळतंय, बलभीम? गप बस!"

गप बसलो. पर धुरपदा गप बसली न्हाय. हुरड्याला कवळी कणसं फकस्त तिच्याच वाफ्यात व्हती ना! ती पदर खोचून पारावर आली, समद्या बाप्यांम्होरं. "आवो चेअरमनभावजी, तुमाला साहेबाला दुष्काळ दावायचा हाय का हुरडा? जो माणूस कवळं कणीस खाऊन ढेकर देईल तो उठून लिहील का की हितं काय पिकलं न्हाय म्हणून?" आता सांगा, ह्या बाईचं काय चुकलं? कायबी चुकलं न्हाय! आख्ख्या पारावर तेवढीच एक शहाणी व्हती. पर हिंमतराव म्हणला, "वैनी, पावना उपाशी गेला तर वाडीची अब्रू काय ऱ्हाईल?" अब्रू म्हणल्यावर कोंडीरामानं मान खाली घातली. अब्रू म्हणल्यावर समदेच मान खाली घालत्यात आमच्यात. कणसं तर कणसं, कडबा ऱ्हातोय की, म्हणून त्यानं बायकोची समजूत घातली.

साहेब आला. जीपमधनं उतरला तवाच घामाघूम, टोपी काढून वारा घ्यायला लागला. हिरीजवळ लिंबाची सावली, तिथं घोंगडी आंथरलेली, आगटी पेटलेली, गोवऱ्यांवर कणसं भाजत्यात, वास सुटलाय असा की शेजारच्या शिवारातली कुत्री गोळा झाली! शेंगदाण्याची चटणी, गूळ, आन गाडगंभर दही. ते दही कुठनं आलं म्हणाल? आख्ख्या वाडीत ज्याच्या-ज्याच्या शेळीला दूध व्हतं त्याच्या घरनं चमचा चमचा गोळा करून, तान्ह्या लेकरांच्या वाटणीचं! कोंडीराम गरम कणीस तळव्यावर चोळतोय, फुंकर मारतोय, हिरवे दाणे साहेबाच्या म्होरं टाकतोय. साहेब खातोय, खातोय, खातोय... आयला, माणूस का पोतं! आन शेवटी, तुमाला सांगतो, त्याला बी लाज वाटली. वाटली, खोटं का बोला? तोंड पुसत म्हणला, "अहो, पुरे पुरे. दुष्काळाचे दिवस, तुम्हाला राहू द्या थोडं."

मी बसलोय आगटीच्या पल्याड. म्या कोंडीरामाकडं बगून डोळे मोठे केले, ओठ दाबले, हिंमतरावाला बी कळलं वाटतं, त्यो खोकायला लागला. कोंडीरामाला वाटलं धूर लागला. आन व्हायचं तेच झालं!

"लई हाय साहेब! खावा पोटभर!"

साहेब थांबला. "लई म्हणजे?"

"लई म्हंजी लई! ह्ये तर कायबी न्हाय, घरात भरून हाय. आमच्याकडं कुणाला काय कमी न्हाय, तुमच्या किरपेनं!"

म्या कपाळाला हात लावला. म्हणलं आता धुरपदा तरी सावरंल, शहाणी हाय. साहेब तिच्याकडं वळला, "वहिनी, दही फारच छान, पण लेकरांना ठेवा थोडं." आन ती धुरपदा, पारावर पदर खोचून आलेली धुरपदा, काय म्हणावं तिनं? "आवो घ्या की! शिंक्यावर दुसरं गाडगं भरून हाय!" कुठलं शिंकं आन कुठलं गाडगं! शिंक्यावर मांजर झोपलं व्हतं! तिच्या बी तोंडातनं आपोआप निघालं. म्होरं पावना बसल्यावर 'न्हाय' म्हणायला जीभ वळतच न्हाय आमची, काय करता?

मग साहेबाच्या शिपायानं टेप काढली. खरं तर आणेवारीचा तुकडा कुठला कापायचा ह्याचा नेम आसतो म्हणं, कुठलं वावर ते आधीच ठरलेलं आसतं. ठरलेलं वावर व्हतं माळावर, माझं. तिथं हातभर वाळलेली काटकं. शिपाई उन्हाकडं बगून म्हणला, "साहेब, तिकडं कशाला? हितंच सावलीत उरकू." आन साहेब, पोटात हुरडा, डोळ्यावर झापड, म्हणला, "उरका." हिरीजवळचा, धुरपदानं वाटीवाटीनं पाजलेला तुकडा मोजला, कापला, वजन केलं!

येवढ्यावर तरी थांबावं? जाताना साहेब त्या हिरव्या ताटांकडं बगत म्हणतो, "आमच्याकडं एक गाय आहे हो, तिला असला चारा दिसत नाही बघा तालुक्याला." नुसता म्हणला. मागितलं न्हाय, कबूल करतो. पर पावन्यानं एकदा नाव काढल्यावर वानवळा दिल्याबिगर जीप वाडीबाहीर जाईल? कोंडीरामानं सोताच्या हातानं इळा घेतला, सोताच्या हातानं पेंढ्या बांधल्या, जीपच्या टपावर चढवल्या. साहेब म्हणतोय, "अहो, कशाला, तुमच्या बैलांना..." आन ह्यो गडी वरनं वरडतोय, "लई हाय साहेब, लई हाय!" गोठ्यातनं कवड्या-मोऱ्या मान वर करून बगत व्हते. त्यास्नी वाटलं आसंल मालक आपल्यालाच आणतोय.

जीप गेली. धुरपदा रिकाम्या वाफ्यात जाऊन बसली. नवऱ्याला म्हणली, "तुमी येवढं देऊन बसला, आता छावणी न्हाय उघडली तर?" कोंडीराम म्हणला, "साहेबानं आपलं मीठ खाल्लंय. न्हाय कसं उघडंल?" किती भोळं आसावं माणसानं!

आणेवारी आली. दहा आणे! तलाठ्यानं चावडीवर सांगितलं आन हिंमतराव काय म्हणला म्हाईत हाय का? "वा! तालुक्यात आपला पयला नंबर!" मला त्याचं मुंडासं काढून हिरीत टाकावं वाटलं. पर हिरीत पाणी कुठं व्हतं?

कोंडीराम कधी तालुक्याच्या कचेरीची पायरी चढला न्हवता, त्यो चढला. मी संगं व्हतो. दुपारपतुर भाईर बसवलं, मग आत घेतलं. साहेब ओळखीचं हसला, "या या, हुरडेवाले!" कोंडीरामानं हात जोडले. "साहेब, दहा आणे कुठनं आले? शिवारात काय न्हाय. छावणी न्हाय झाली तर बैल मरत्यात माझे."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, लई हाय?"

"साहेब... ते पावन्याला म्हणायचं आसतंय."

तुमाला सांगतो, ह्या बोलण्यावर कुठलाबी माणूस विरघळला आसता. साहेब खुर्चीत मागं रेलला आन म्हणला, "शासन पाहुणा नसतं, कोंडीराम. शासन म्हणजे शासन. पण तुमच्या म्हणण्याची दखल घेतली जाईल."

झाली! पयली दखल ती!

आता मजा बगा. आमच्या वाडीला लागून वढा हाय. वढ्याच्या पल्याडच्या गावात त्याच साहेबानं आणेवारी केली. तिथं त्याला कुणी घोंगडी आंथरली न्हाय, कुत्री अंगावर आली, पाणी मागितलं तर एका बाईनं रांजण उपडा करून दावला, "बगा, हाय का थेंब!" अशी तोंडावर. साहेबानं तिथं लिहिलं चार आणे. तिथं छावणी उघडली! कोंडीराम बैल घेऊन गेला. छावणीच्या तोंडाला टेबल टाकून एक पोरगेला कारकून बसलेला, पेन कानाला. "कुठलं गाव?"

"हितलंच की. वढ्याअल्याडची वाडी."

"अल्याड दुष्काळ नाही."

कोंडीराम मागं वळून वढ्याकडं बगत म्हणला, "वढा तर दोन्हीकडनं कोरडाच हाय ओ." कारकून म्हणला, "ते मला सांगू नका, हद्दीचं बघा." आत छावणीतली जनावरं हिरवा ऊस खात व्हती. कवड्यानं तिकडं मान लांबवली तर कोंडीरामानं कासरा वढला. उभ्या जल्मात त्यानं त्या बैलाला येवढ्या जोरानं वढलं न्हवतं. वाटंत त्याच्या कपाळावर हात फिरवत, "माझं चुकलं रं, माझं तोंड जळो," म्हणत आला.

मग मंत्री आला. व्हय, दौरा! दुष्काळ बघायला मुंबईहून मंत्री, मागं गाड्यांची ही रांग. जिथं प्यायला पाणी न्हाय तिथं गाड्यांच्या टायरीनं उडालेली धूळ बसवायला रस्त्यावर टँकरनं पाणी मारलं, ह्ये मी डोळ्यानं बघितलंय! हिंमतरावानं पुन्यांदा बैठक घेतली. "ह्यावेळी हुरडा न्हाय! ह्यावेळी दुष्काळ दावायचा! कोंडीराम, तुझे बैल म्होरं उभे कर. हाडं दिसली पाहिजेत. मंत्र्यानं इचारलं वैरण हाय का, तर काय म्हणायचं?" कोंडीराम म्हणला, "न्हाय." "पुन्यांदा म्हण." "न्हाय!" धुरपदानं बी त्याच्याकडनं घरात घोकून घेतलं, चुलीम्होरं बसवून, "म्हणा, न्हाय." "न्हाय." "मोठ्यानं!" "न्हाय!"

आन दौऱ्याच्या सकाळी मी त्याच्या घरी जाऊन बगतो तर काय! कवड्या-मोऱ्या धुतलेले! प्यायचं पाणी घालून धुतलेले! शिंगांना हिंगूळ, शिंगांच्या टोकाच्या शेंब्यांना गोंडे, गळ्यात घुंगूरमाळा, आन अंगावर पोळ्याची झूल! म्या वरडलो, "आरं येड्या, हाडं दावायचीत ना? झुलीखाली काय दिसणार?" कोंडीराम खाली बगत म्हणला, "बलभीम, येवढा मोठा माणूस दारात येतोय, त्याच्याम्होरं उघडीनागडी कशी न्यावी रं त्यास्नी?" आन धुरपदा मोऱ्याच्या डोळ्याखालची धूळ पदरानं पुसत व्हती.

मंत्री उतरला. पांढरीफेक टोपी. बैलांकडं बघितलं आन दोन्ही हात पसरले, "वा! वा वा वा! ह्याला म्हणतात मराठवाड्याची जिद्द! काय जोडी आहे!" फोटोवाला खाली बसून, आडवा होऊन, फोटो काढतोय. मंत्र्यानं कोंडीरामाच्या खांद्यावर हात ठेवला, "काय पाटील, वैरण पुरते ना?"

आख्खी वाडी कोंडीरामाच्या तोंडाकडं बगाय लागली. धुरपदानं पदर तोंडात धरलेला. कोंडीरामानं तोंड उघडलं... मिटलं... पुन्यांदा उघडलं... मंत्र्याच्या हातात कोंडीरामाच्याच घरचा च्याचा कप, मंत्री त्याच्याच सावलीला उभा, पावना! "न्ह..." आलं, व्हटापतुर आलं, मी शपतेवर सांगतो, आलं व्हतं! आन मग म्हणला, "लई... लई..." आन ठसकाच लागला त्याला.

मंत्र्यानं पाठीवर थाप मारली. "लई छान!"

हिंमतरावानं गडबडीनं निवेदन म्होरं केलं, वैरण द्या म्हणून. मंत्र्यानं ते मागच्याला दिलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला, आन गाडीत बसता बसता मंत्री म्हणला, "शासन दखल घेईल." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! दुष्काळात बी शेतकऱ्याची उमेद कायम, असं खाली छापलेलं. त्या फोटोत कवड्या लई देखणा दिसत व्हता, ह्ये मातर खरं. बजेटात तरतूद झाली आसं बी रेडिओवर सांगितलं, हाच आवाज, हेच तूप. कोंडीराम रोज वेशीत जाऊन रस्त्याकडं बगायचा, तरतूद येती का म्हणून. त्याला वाटायचं ती गाडीतनं येती.

चैत गेला. आधी छपराचं पाचट काढून बैलांला घातलं, मग लिंबाचा पाला, मग धुरपदानं गोधड्यांतनं गवत निघतंय का बघितलं. मोऱ्या बसला की दोघातिघांनी शेपटाला धरून उठवायचा. शेवटी निरेच्या कालव्याकडचा एक बागाईतदार वाटनं चाललेला, त्याला कोंडीरामानं थांबवलं. बाजारात नेलं आसतं तर खाटीक घेत व्हते, तसं न्हाय केलं. म्हणला, "पावनं, घेऊन जावा. पैका नगं. फकस्त रोज वल्ली वैरण घाला आन ह्या कवड्याशी जरा बोलत जावा, त्याला सवय हाय." त्या माणसाला बी वंगाळ वाटलं. त्यानं पैका काढला तर कोंडीरामानं हात जोडले. पर तेवढ्या वेळी, तुमाला सांगतो, तेवढ्याच एका वेळी, पावन्याम्होरं त्याच्या तोंडातनं लई हाय निघालं न्हाय. धुरपदानं दोघांला कुंकू लावलं, गळ्यातल्या घुंगूरमाळा काढून घेतल्या. बैल वळून वळून बगत गेले. कोंडीराम रिकाम्या दावणीम्होरं उकिडवा बसला आन लेकरावानी रडला. म्या त्याला चिलीम दिली, ती बी त्यानं धरली न्हाय. रडलो मी बी. का रडू नये?

त्याच्याआधी, त्याच्यामागं, समद्यांचीच तशी गत. कुणी विकले, कुणी सोडून दिले, कुणाचे मेले. आमच्या सुखी गावात जेठ लागंस्तोवर एक बैल उरला न्हवता.

आन मग? मग पाऊस आला. असा आला की जणू मागची बाकी भरून काढतोय. रस्ता म्हंजी नुसती काळी राड, पाय घातला की गुडघ्यापतुर आत. आन त्याच आषाढात एका सकाळी भोंगा वाजला. पोरं वरडत आली, "वैरण आली! वैरण आली!" बघतो तर काय, ट्रक! तरतूद! मंजूर होऊन, फिरून, सही होऊन, शिक्का होऊन, पुन्यांदा फिरून, आली की ओ दखल! ट्रकात भिजून काळा पडलेला कडबा, वास असा मारतोय की नाकाला दस्ती लावावी. म्होरं ड्रायवरच्या शेजारी कोण? गिरदावर साहेब! आन ट्रक वेशीच्या तोंडाला चिखलात रुतलेला, पार निम्म्या चाकापतुर.

ड्रायवरनं खिडकीतनं मुंडी काढली. "ओ मंडळी, दोन बैलजोड्या आणा बगू! जुंपून वढून काढू!"

जो तो आपल्या पायाखालचा चिखल बगाय लागला. ड्रायवर वैतागला, "आवो, बैल आणा की!"

साहेबानं बी मुंडी काढली. "का हो? गावात बैल आहेत ना? जनावरं नसतील तर वैरण उतरवता येणार नाही मला. नियम आहे." हिंमतराव इकडं बगंना, तिकडं बगंना. सगळ्या कमिट्या त्याच्या तोंडातच अडकल्या.

तवर कोंडीराम म्होरं आला. डोक्यावर पोतं, अंगानं पाणी गळतंय. ट्रकाच्या खिडकीखाली उभा ऱ्हायला, हात जोडले, आन साहेबाच्या तोंडाकडं बगत म्हणला, "लई हायत साहेब. तुमी बसा, पावसात उतरू नगा."

आन घरला गेला. कवड्या-मोऱ्याची दावी, कासरे, नाडा, समदं खांद्यावर टाकून आला. ट्रकाला बांधलं. एका बाजूला सोता लागला, मोऱ्याच्या. माझ्याकडं बघितलं. मी गेलो कवड्याच्या जागंवर. मागनं वाडी लागली. चिखलात पाय रवले, कोंडीराम तोंडानं बैल हाकताना काढत्यात तसा आवाज काढतोय, "हो... हो माझ्या राजा... चल..." आन आमी वढतोय. ड्रायवर खाली बगून म्हणला, "आरं, मी बैल म्हणलो व्हतो!" धुरपदा वेशीत उभी व्हती, ती म्हणली, "ह्येच हायत. वढा."

निघाला ट्रक. वैरण सोसायटीच्या म्होरं उतरली, तिथंच कुजली, पुढं तिचं खत हिंमतरावाच्या वावरात गेलं. साहेबानं मांडीवर कागद ठेवून लिहिलं आन ड्रायवरला वाचून दावलं: गावात बैल पुष्कळ, वैरणीअभावी हानी नाही. म्या खिडकी धरली. म्हणलं, "साहेब, ट्रक कुणी वढला तेवढं बी लिवा की." साहेब हात हलवत म्हणला, "दखल घेतली जाईल."

लावा, लावा आता तो रेडिओ, करा मोठा आवाज... आली बगा कुर्डुवाडीची गाडी. उठतो. तेवढं हे बगून घ्या, हितं, कॉलर जरा मागं वढा. दिसला डाग? कासऱ्यानं कातडं सोललं व्हतं त्या दिवशी. कोंडीरामाच्या उजव्या खांद्यावर आसाच हाय. येवढ्या वर्सात सरकारनं आमची घेतलेली दखल म्हंजी येवढी एकच, बाकी दुसरी काय आमाला गावली न्हाय.